सिग्नलवरचा वेल

"घरच्या भिंतीवर हॉप चढवीन, त्याचीच बिअर करीन, आणि संत वात्स्लावच्या सणाला ह्याच टेबलावर तुम्हा सगळ्यांना पाजीन. नाही जमलं, तर ही माझी खुर्ची व्रानाची!"

मार्चमधल्या एका दुपारी ब्लाझेनाबाईंच्या गुत्त्यात वेंडेलिन कौबेक मास्तर उभे राहून हे बोलले आणि बोलून झाल्यावर स्वतःच दचकले. हॉप ठीक, बिअर ठीक. पण मध्येच खुर्ची कुठून आली? गार्डानं शिट्टी तोंडात धरावी आणि ती आपोआप वाजावी, तसा तो शब्द निसटला होता. आणि एकदा शिट्टी वाजली की गाडी सुटते, हे एकतीस वर्षं स्टेशनमास्तरकी केलेल्या माणसाला कुणी सांगायला नको.

निमित्त अगदी किरकोळ होतं. बिअरला कडूपणा आणणारी हॉपच्या वेलाची बोंडं हल्ली कारखान्यांत अख्खी घालत नाहीत, दळून त्यांच्या गोळ्या करतात, असं कुणीतरी म्हणालं. मास्तरांचा गोळ्यांवर आधीच राग होता. रक्तदाबाच्या तीन चालू होत्या. त्यात ओताकार व्राना, मास्तरांचा शाळेपासूनचा मित्र, तीस हेक्टर हॉपचा मालक, शांतपणे म्हणाला, "वेंडा, तुला बिअर प्यायची माहीत. हॉप उगवतो कसा, हे तू गाडीच्या खिडकीतूनसुद्धा पाहिलेलं नाहीस." त्यावर मास्तर उभे राहिले.

गाव हसलं ते वेगळ्या कारणानं. हॉपसाठी नावाजलेल्या झातेत्सच्या मुलखात, त्यातही आमच्या ल्होत्का गावात, घरी हॉप लावणं म्हणजे नदीत कमरेइतकं उभं राहून आंघोळीला बादली मागवणं. गावाच्या चारी बाजूंना हॉपच. सात सात मीटर उंच खांब, त्यांवर तारा, तारांवर वेल. उन्हाळ्यात रस्त्यानं चालायचं म्हणजे हिरव्या देवळांच्या रांगांमधून चालायचं. इथली पोरं आधी हॉपच्या तारेला धरून उभी राहतात, मग आईला धरून.

पण खुर्चीवर कुणी हसलं नाही. ल्होत्कात माणूस देव बदलू शकतो, बायकोही बदलल्याची दोन उदाहरणं आहेत, गुत्त्यातली खुर्ची मात्र बदलत नाही. मास्तरांची खुर्ची शेकोटीजवळची. व्रानाची खुर्ची मागच्या बोळाच्या दाराशी, जिथं बाराही महिने वारा पाठीत शिरतो. चाळीस वर्षं तो तिथं कोटाची कॉलर वर करून रासबेरीचं सरबत पीत आला होता. हो, सरबतच. तीस हेक्टर हॉपचा धनी, आणि बिअरचा एक घोट घेतला की छातीत जळजळ. तेव्हा शेकोटीवर त्याचा डोळा होता, यात नवल काही नव्हतं.

मास्तर त्या खुर्चीला का चिकटून आहेत, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. सगळ्यांना वाटे, म्हातारा उबेला हपापलेला आहे. खरी गोष्ट अशी, की त्या एकाच खुर्चीतून, त्या एकाच छोट्या खिडकीतून, खाली ओढ्याच्या खळग्यातलं बंद पडलेलं स्टेशन दिसे. स्टेशन म्हणजे त्याचं अर्धं छप्पर आणि गंजका सिग्नल. नऊ वर्षांपूर्वी रेल्वेनं ल्होत्काचा फाटा बंद केला. तेव्हापासून रोज संध्याकाळी पाच बेचाळीसला मास्तर बोलता बोलता थांबत, खिडकीकडे पाहत, एक घोट घेत, आणि मग बोलणं पुढं चालू करीत. लोक समजत, मास्तर विचार करताहेत. मास्तर संध्याकाळची गाडी फलाटावर घेत असत.

आता प्रश्न आला मुळाचा. व्रानाच्या शेतात छाटणी चालू होती; बांधावर मुळांचे ढीग पडले होते, वाकून उचलायचा अवकाश. मास्तर म्हणाले, त्याच्या बांधावरून मूळ उचलण्यापेक्षा मी गवत उकळून पिईन. आणि त्यांना सिग्नल आठवला.

त्या सिग्नलवर दर उन्हाळ्यात एक रानटी हॉप चढायचा. कुणी लावला नव्हता, पाखराची कृपा. सकाळची गाडी आणि पाच बेचाळीसची गाडी यांच्यामध्ये मास्तरांना भरपूर वेळ असे, आणि त्या वेळात ते बाकावर बसून त्या वेलाकडे बघत. जेवणाआधी तो खालच्या खिळ्याशी असे. जेवून, डुलकी काढून डोळे उघडले की बोटभर वर. ऑगस्टात सिग्नलचा हात पानांत बुडून जाई आणि इंजिनड्रायव्हर अंदाजानं गाडी हाणत. बाकावरच्या त्या दुपारी आठवल्या की मास्तरांना आपण नोकरी केली की स्वप्न पाहिलं, हे नीट सांगता येत नसे. त्याला बोंडं येतात की नाही, हे मात्र त्यांनी एकतीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. बोंडं काय बघायची? बोंडांनी गाव भरलेलं होतं.

मास्तर कुदळ घेऊन खळग्यात उतरले आणि मांडीएवढं मूळ ढकलगाडीत घालून घेऊन आले. घराची दक्षिणेकडची भिंत निवडली. भिंतीसमोर कुंपण, कुंपणापलीकडे व्रानाच्या शेताची पहिली ओळ.

"हे झाड आहे की कुणाचा पाय आहे?" त्यांची बायको हेडविका दारातून म्हणाली.

"आपली बिअर आहे."

"स्वयंपाकघराची खिडकी झाकली तर कापून टाकीन. आत्ताच सांगून ठेवते." आणि ती आत गेली. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं मास्तरांच्या कुठल्याही बेताला विरोध केला नव्हता. ती फक्त सीमा आखून देत असे.

वेल वाढला. आणि असा वाढला, की व्रानाचे वेल शाळेत नापास झालेल्या पोरांसारखे कुंपणापलीकडून बघत राहिले. मास्तरांनी माळ्यावरून स्टेशनची जुनी नोंदवही काढली आणि तीत लिहायला लागले: 'खिडकीची खालची चौकट, सकाळी आठ पंधरा, वेळेवर.' 'पागोळी, दुपारी दोन दहा, चार दिवस आधी.' नोकरीत असताना त्यांच्याकडे कुठलीच गाडी चार मिनिटंसुद्धा आधी आली नव्हती.

मे गेला, जून गेला. मास्तर वेताच्या खुर्चीत वेलाखाली बसत. ऊन पानांतून गाळून पोटावर पडे. कुठंतरी कोकिळा ओरडे, कुठंतरी व्रानाचा ट्रॅक्टर घोरल्यासारखा चाले, आणि मास्तरांना वाटे, आपण पुन्हा बाकावर आहोत, अजून पाच बेचाळीसला बराच अवकाश आहे. हेडविका कपडे वाळत घालता घालता विचारी, "झोपलास?" ते डोळे न उघडता म्हणत, "देखरेख करतोय."

आणि जुलैच्या सुरुवातीला वेल फुलला. व्रानाच्या वेलांवर अजून नीट कळीही धरली नव्हती. मास्तरांच्या भिंतीवर मात्र फुलांचे घोसच्या घोस लोंबायला लागले. बारीक, फिकट पिवळी, पाच पाकळ्यांची फुलं. टिचकी मारली की त्यांतून सोनेरी भुकटी उडे. मास्तरांच्या टोपीवर, मिशांवर, कॉफीच्या कपात, हेडविकाच्या धुतलेल्या चादरींवर सगळीकडे सोनं.

मास्तरांनी एक घोस टोपीत खोवला आणि गुत्त्यात गेले. टोपी टेबलावर ठेवली.

लोक वाकले. कुणी म्हणालं, हॉपसारखा दिसत नाही. कुणी म्हणालं, दिसतो, पण कुपोषित. ब्लाझेनाबाईंनी लांबूनच विचारलं, "मास्तर, माझ्या काकडीच्या सॅलडसाठी शेपू आणलात?" व्रानानं घोस हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "माझे आजोबा अशा कशाबद्दल तरी सांगायचे," तो म्हणाला. "काय ते आठवत नाही. चांगलं सांगायचे की वाईट, तेही आठवत नाही."

आता कुणालाही वाटेल, की हॉपच्या गावात हॉप ओळखू नये? पण खोच तीच आहे. बाहेरगावचा माणूस असता, तर त्यानं मूळ लावण्याआधी चार ठिकाणी विचारलं असतं. आमच्या गावाला विचारायची सवयच नाही. इथं हॉप म्हणजे हॉप.

शेतकी खात्याच्या इंजिनिअरबाई हुबाल्कोवा दरवर्षी जुलैत हॉपची तपासणी करायला येतात. कडक बाई. रोगट पान त्यांना पाहूनच गळून पडतं. त्या दिवशी त्या व्रानाच्या पहिल्या ओळीतून चालल्या होत्या. व्राना मागून अदबीनं चालत होता. कुंपणाशी येऊन बाई थांबल्या. वाऱ्याची झुळूक आली आणि मास्तरांच्या भिंतीवरून एक पिवळसर धुरकट ढग उठून संथपणे कुंपण ओलांडून गेला.

मास्तरांनी बाईंना थांबलेलं पाहिलं आणि त्यांच्या मनानं लगेच बक्षीस समारंभ उरकून घेतला. त्यांनी फाटक उघडलं, हेडविकाला कॉफी टाकायला सांगितली, आलुबुखारा भरलेल्या गोड पावांची, कोलाचेची, थाळी पुढं केली.

"हा वेल कोणाचा?" बाईंनी विचारलं.

"माझा. स्वतः लावला."

"ही पूड कधीपासून उडतेय?"

"झाले की दहा-बारा दिवस," मास्तर म्हणाले. "आणि सारखी बरं का. खंड नाही. सकाळी जरा कमी, दुपारी वारा सुटला की मग बघा. सगळी त्या बाजूला जाते, व्रानाच्या ओळींवर. नुसतं सोनं शिंपल्यासारखं. मी तर संध्याकाळी फांद्या हलवून मदतसुद्धा करतो."

इंजिनिअरबाई वेताच्या खुर्चीत बसल्या. त्यांनी कोलाचे उचलला, पाहिला आणि परत ठेवला. त्याच्यावरही पूड होती.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "हा बाप्या आहे."

मास्तरांना वाटलं, कौतुकच आहे. "आहेच. भिंत फोडील एखाद्या दिवशी."

"तसं नाही. नर वेल आहे हा. ह्याला बोंड धरत नाही. जन्मात धरणार नाही. बोंडं धरतात ती मादीच्या वेलांना. तुमच्या गावात शंभर वर्षं फक्त माद्याच लावल्यात. नर दिसला की उपटायचा, असा दंडक आहे. कारण नर जवळ आला, की बोंडांत बी धरतं. आणि बी धरलेलं बोंड बिअरचा कुठलाही चांगला कारखाना घेत नाही."

कुंपणापलीकडे व्रानाचा चेहरा हळूहळू उजळला. "हेच सांगायचे आजोबा," तो म्हणाला. "आत्ता आठवलं." आणि मग उरलेलंही त्याच्या लक्षात आलं आणि चेहरा पुन्हा मावळला.

इतकी वर्षं तो वेल खाली खळग्यात, वाऱ्याच्या वाटेबाहेर, बिचारा संन्याशासारखा राहत होता. कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मास्तरांनी त्याला ढकलगाडीत बसवून थेट तीस हेक्टर माद्यांच्या तोंडाशी आणून उभा केला होता, वर संध्याकाळी फांद्या हलवून मदतही केली होती.

त्याच संध्याकाळी वेल कापला. व्राना कोयता घेऊन आला, पण कापला मास्तरांनी. त्यांनी आधी नोंदवही आणली, तीत लिहिलं, 'सहा वीस. रद्द.' मग कोयता चालवला. हेडविका खिडकीत उभी होती. वेल तिच्या खिडकीच्या चौकटीला वळसा घालून गेला होता, एक पानही तिच्या काचेवर येऊ दिलं नव्हतं. "शहाणा होता रे," एवढंच ती म्हणाली.

गावाला असं काही मिळालं, की गाव वर्षभर पुरवून खातं. मास्तरांच्या घरचा बाप्या, व्रानाच्या शेतातल्या माद्या, आणि मध्ये एवढंसं कुंपण! चर्चच्या पायऱ्यांवर म्हाताऱ्या विचारपूस करू लागल्या: किती महिने झाले, कधी अपेक्षित आहे. हेडविकाच्या बहिणीचा प्ल्झेनहून फोन आला. तिच्या कानावर फक्त एवढंच गेलं होतं, की वेंडानं शेजारच्या शेतात काहीतरी भानगड केली आणि आता त्याचे परिणाम दिसणार आहेत. हेडविकानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, ह्या वयात त्याच्याकडून ते व्हायचं असतं, तर मी शेजारी पेढे वाटले नसते का?" ल्होत्कात पेढे नसतात, कोलाचे असतात; पण अर्थ तोच.

मास्तर गुत्त्यात जाईनासे झाले. वेल नाही, बोंडं नाहीत, बिअर नाही, म्हणजे खुर्ची गेली. आणि ज्याला ती जाणार त्याच्याच शेताचं नुकसान आपण केलं. कोणत्या तोंडानं जाणार? ते घरीच बसत. पाच बेचाळीसला स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभे राहत. तिथून व्रानाचं शेत दिसे आणि दुसरं काही दिसत नसे. हेडविका बटाटे सोलता सोलता म्हणे, "काही हवंय?" ते म्हणत, "नाही. वेळ बघत होतो." तिथं घड्याळ नव्हतं.

ऑगस्टच्या अखेरीला हॉप उतरवला. कारखान्याचा माणूस आला, त्यानं बोंडं चोळून, वास घेऊन सगळा माल पसंत केला. फक्त कुंपणाकडच्या सहा ओळी बाजूला काढल्या. त्यांच्या बोंडांत मोहरीएवढं बी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्रानाचा ट्रॅक्टर मास्तरांच्या दारात येऊन थांबला. व्रानानं एकामागून एक नऊ पोती अंगणात उतरवली. मास्तर बाहेर आले.

"हे काय?"

"तुझी पोरं," व्राना म्हणाला. "सांभाळ."

"ओताकार, मी भरपाई..."

"भरपाईचं नंतर बघू. आधी ह्यांना सुकव. ओली आहेत, रडतील." आणि तो ट्रॅक्टरवर चढला. मग पुन्हा उतरला. "मी गावात विचारून आलोय. बिअर ह्यांची झाली तर पैजेत धरायची की नाही, हे ब्लाझेना ठरवणार आहे."

ब्लाझेनाबाईंनी न्याय उभ्या उभ्या केला. दोन्ही बाजू ऐकल्या. एक बाजू म्हणाली, बोंडं व्रानाच्या वेलांना लागली, तेव्हा ती घरची नव्हेत. बाईंनी पेला पुसता पुसता विचारलं, "पोराला नाव कोणाचं लागतं?" सगळे म्हणाले, बापाचं. "मग झालं. बाप मास्तरांच्या भिंतीवरचा. बिअर मास्तरांच्या घरची. सणाला आणा म्हणावं." बायकांच्या टेबलावरून ह्या निकालावर तात्त्विक हरकत घेण्यात आली, पण ती पुढच्या निवडणुकीपर्यंत राखून ठेवण्यात आली.

मास्तरांनी बोंडं माळ्यावर पसरली. माळ्याखाली त्यांची झोपायची खोली, आणि फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी. आता, हॉपचा वास झोपेला फार चांगला असतो, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. झोप न येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या उशीत आम्ही मूठभर बोंडं घालतो. मूठभर. मास्तर नवरा-बायको नऊ पोत्यांखाली झोपले.

शुक्रवारी झोपले ते रविवारी चर्चच्या घंटेनं जागे झाले, आणि तेही शेजारच्या गावच्या. मास्तरांच्या स्वप्नात एक गाडी आली होती. डबे पानांचे, खिडक्यांना बोंडांच्या झालरी, आणि प्रत्येक खिडकीतून एकेक हिरवं पोर हात हलवत होतं. गाडी थांबत नव्हती, जातही नव्हती. नुसती येत होती. मास्तर फलाटावर झेंडी धरून उभे होते, आणि त्यांना कसलीही घाई नव्हती.

"मला पण गाडी दिसली," हेडविका उशीत तोंड खुपसून म्हणाली. "तू तिकिटं विसरला होतास."

मग बिअर. हेडविकाचं आलुबुखाराचा मुरंबा घोटायचं तांब्याचं पातेलं जवाचं गोड पाणी घेऊन परसात चुलीवर चढलं. पुस्तकात लिहिलं होतं, हॉप घालून एक तास उकळावा. मास्तरांनी हॉप घातला. किती घातला, हे नक्की सांगता येत नाही; पोरं सगळी सारखीच, एकाला घ्यायचं आणि दुसऱ्याला ठेवायचं, हे त्यांच्या जिवावर आलं. मग ते पातेल्याशेजारी बसले. वाफ आली. हिरवी, ऊबदार, जड वाफ. मास्तरांनी विचार केला, क्षणभर डोळे मिटावेत. अर्ध्या तासानं हेडविका त्यांना हलवायला आली, हलवता हलवता शेजारी टेकली. दोघं जागी झाली तेव्हा ऊन भिंतीच्या दुसऱ्या बाजूला गेलं होतं आणि पातेल्यात निम्मं उरलं होतं. मास्तरांनी चमच्याच्या टोकानं चव घेतली. जिभेवर पहिल्यांदा काही झालं नाही. मग कानात काहीतरी झालं.

"कसं आहे?" हेडविकानं विचारलं.

"मुरलं की उतरेल," मास्तर म्हणाले. त्यांना स्वतःला फक्त एवढंच कळत होतं, की आता हे मुरलं नाही तर खुर्ची गेली.

अठ्ठावीस सप्टेंबर. संत वात्स्लावचा सण. घरोघर भाजलेला हंस, कोबी आणि कणकेचे गोळे असं जेवण झालं, आणि दुपारी तीनला गाव पोटावर हात ठेवून गुत्त्यात जमलं. मास्तर ढकलगाडीत पिंप घालून आले. हेडविका मागून एक फुगीर उशी घेऊन आली. उरलेली बोंडं तिनं तिच्यात भरली होती. "शेवटचं बसणार असशील तर नीट टेकून बस," असं म्हणून तिनं ती शेकोटीजवळच्या खुर्चीत ठेवली.

मास्तर दोन महिन्यांनी त्या खुर्चीत बसले. सिग्नल जागेवर होता. ब्लाझेनाबाईंनी पिंप टेकवलं, पेले भरले, स्वतःचाही भरला, पंच म्हणून. फेस छान आला. सगळ्यांनी पेले उचलले. व्रानानं सरबत उचललं.

पहिला घोट गेला आणि गुत्त्यात अशी शांतता झाली, जशी शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर होते. एकाचं डोकं डावीकडे वळलं ते तसंच राहिलं. कुणी आपल्याच मिशा पाहिल्यासारखं केलं. पण ल्होत्कातला माणूस पेल्यात बिअर टाकून उठत नाही, हा आमच्या पूर्वजांचा नियम, आणि हंसानंतर तहान तर लागलेलीच. दुसरा घोट गेला. तिसरा गेला. मास्तर एकेकाच्या तोंडाकडे आशेनं पाहत होते. पाठीमागून उशीचा वास येत होता, समोरून शेकोटीची ऊब. कोणीतरी काहीतरी बोलेल. आत्ता बोलेल. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. अजून वेळ होता.

ते जागे झाले तेव्हा गुत्ता घोरत होता.

अख्खा. टेबलांवर डोकी, डोक्यांवर टोप्या. ब्लाझेनाबाई नळाच्या दांड्याला गाल टेकून उभ्यानं झोपल्या होत्या. हेडविका भिंतीला टेकून हसत झोपली होती. तिला तिकिटं सापडली असावीत. संपूर्ण गावात दोन माणसं जागी होती, मास्तर आणि बोळाच्या दाराशी कॉलर वर करून बसलेला व्राना.

मास्तरांनी समोरचा पेला उचलला आणि पहिल्यांदाच आपल्या बिअरचा पूर्ण घोट घेतला. सिग्नलचा खांब चघळल्यासारखं वाटलं, रंगासकट. त्यांनी पेला हळूच खाली ठेवला.

"ओताकार," ते हलक्या आवाजात म्हणाले, "ही वाईट आहे. फार वाईट आहे. उठ, इकडे येऊन बस. खुर्ची तुझी."

व्राना जागचा हलला नाही. "बसलोय मी त्या खुर्चीत," तो म्हणाला. "तू येत नव्हतास तेव्हा. महिनाभर रोज बसलो."

"मग? ऊब आहे ना?"

"ऊब आहे. पण तिथून तुझा तो सिग्नल दिसतो. पाच बेचाळीसला मी सरबत तोंडाशी नेलं, आणि उगीच वाटलं, आता येईल." त्यानं कॉलर आणखी वर केली. "रोज वाटायला लागलं रे. मला शेतीची कामं असतात. हे मला झेपणार नाही. तूच बस."

त्या आवाजानं ब्लाझेनाबाईंनी डोळे उघडले. त्यांच्या गालावर नळाच्या दांड्याचा ठसा उमटला होता. सत्तावीस वर्षांत त्या नळाशी एकदाही झोपल्या नव्हत्या आणि आत्ताही झोपल्याचं त्यांना मान्य नव्हतं. "मी डोळे मिटून चव घेत होते," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "अशी बिअर मी आजवर प्यायले नाही. खुर्ची मास्तरांची."

टेबलांवरची डोकी एकेक करून वर आली. सगळे डोळे मिटून चवच घेत होते. एकानंही तक्रार केली नाही, आणि एकानंही दुसरा पेला मागितला नाही.

अशी खुर्ची राहिली. उशीही राहिली, ब्लाझेनाबाईंनी ती खुर्चीलाच शिवून टाकली. त्यांचं म्हणणं, आजवर गुत्त्यात एवढी शांतता कधी नव्हती. कारण आता मास्तर येतात, पेला मागवतात, हल्लीच्या बिअरबद्दल एक वाक्य सुरू करतात, आणि वाक्याचं क्रियापद यायच्या आत उशी त्यांना घेऊन जाते. ज्या गाडीसाठी ती खुर्ची जपली, ती गाडी ह्या हिवाळ्यात त्यांनी एकदाही वेळेवर पाहिलेली नाही.

म्हणून ते काम आता व्रानाकडे आहे. पाच एकेचाळीसला तो बोळाच्या दाराशी सरबताचा ग्लास ठेवतो, उठून शेकोटीपर्यंत येतो आणि मास्तरांच्या खांद्याला हात लावतो.

"मास्तर, पाच बेचाळीस."

मास्तर एक डोळा उघडतात, खिडकीतून खाली खळग्यात पाहतात.

"लेट आहे," म्हणतात, आणि पुन्हा झोपतात.